कीबोर्डवर पिच बेंड आणि मॉड्युलेशन कसे बसवावे : नवोदित वादकांसाठी

नाशिकमध्ये कीबोर्डकडे वळणारी बरीच मंडळी आधी पेटीवर हात बसवून आलेली असतात. पंचवटीतल्या भजनी मंडळात साथ करणारे असोत, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली पाळी संपवून ऑर्केस्ट्राच्या तालमीला येणारे असोत किंवा गणेशोत्सवाच्या मांडवात पहिल्यांदा वाजवायला बसणारे विद्यार्थी असोत, त्यांच्या उजव्या हाताची तयारी चांगली असते. अडते ते कीबोर्डच्या डाव्या कडेला असलेल्या दोन चाकांपाशी किंवा एका दांडीपाशी. पेटीवर दोन पट्ट्यांमधली जागा घेता येत नाही. ती जागा घेण्याची सोय पिच बेंडने होते, आणि लांबवलेल्या स्वराला कंप देण्याची सोय मॉड्युलेशनने होते. मात्र कारखान्यातून येणारी जुळणी आपल्या गायकीचा विचार करून केलेली असतेच असे नाही, त्यामुळे ती स्वतः बसवून घ्यावी लागते.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की समजून घ्या. दांडी किती सरकली एवढेच कीबोर्डला कळते. तेवढ्या सरकण्याने स्वर किती वर किंवा खाली जाईल, हे त्या त्या टोनमध्ये, म्हणजे निवडलेल्या वाद्याच्या आवाजात, ठरलेले असते. म्हणून ‘माझ्या कीबोर्डचा बेंड किती ठेवू?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही; बासरीसाठी एक, सतारीसाठी दुसरे आणि पियानोसाठी तिसरे उत्तर असते.

काय काय जवळ हवे

- तुमच्या नेमक्या मॉडेलची माहितीपुस्तिका. छापील नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ उतरवून घ्या. जवळच्या नावाच्या दुसऱ्या मॉडेलची पुस्तिका चालत नाही, कारण मेन्यू बदललेले असतात.
- कानावर नीट बसणारा हेडफोन. कीबोर्डच्या स्वतःच्या छोट्या स्पीकरवर काही सेंटचा फरक लक्षात येत नाही.
- मोबाइलवरील ट्यूनर ॲप, सेंट दाखवणारे. एका सप्तकात १२०० सेंट असतात आणि लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये १००.
- तानपुऱ्याचे ॲप किंवा तानपुरा पेटी.
- पेन ड्राइव्ह, तुमच्या कीबोर्डला तो लावता येत असेल तर.
- वही. कोणत्या टोनला किती बेंड ठेवला हे लिहून ठेवले नाही, तर महिन्याभराने पुन्हा पहिल्यापासून बसावे लागते.

१. आपल्या कीबोर्डवर नेमके काय बसवलेले आहे ते पाहा

रोलंडच्या बहुतेक कीबोर्डवर एकच दांडी असते. ती डावी-उजवीकडे हलवली की बेंड होतो आणि समोर ढकलली की मॉड्युलेशन. कोर्गच्या अनेक मॉडेलांवर चारही दिशांना हलणारी जॉयस्टिक असते आणि तिच्या पुढच्या व मागच्या दिशांना वेगवेगळी कामे लावता येतात. यामाहाच्या बऱ्याच सिंथेसायझरांवर दोन स्वतंत्र चाके दिसतात. ही दोन चाकांची पद्धत १९७० च्या मिनीमूग या वाद्यामुळे रूढ झाली. स्वस्तातल्या काही कीबोर्डवर फक्त बेंडचे चाक असते आणि मॉड्युलेशन एखाद्या बटणावर दिलेले असते किंवा दिलेलेच नसते, तेव्हा विकत घेण्यापूर्वी डावी कडा नीट पाहून घ्यावी.

बेंडच्या चाकाला स्प्रिंग असते, सोडले की ते मध्यावर परत येते. मॉड्युलेशनच्या स्वतंत्र चाकाला सहसा स्प्रिंग नसते; ते जिथे ठेवाल तिथेच राहते. एकाच दांडीत दोन्ही असतील तर मॉड्युलेशनही सोडल्यावर परत येते. हा फरक पुढे मंचावर महत्त्वाचा ठरतो.

२. मध्य तपासा

कीबोर्ड चालू करताना चाकांना, दांडीला किंवा पायातल्या पेडलला हात-पाय लावू नका. चालू होतानाची स्थिती हीच विश्रांतीची स्थिती असे अनेक वाद्ये धरून चालतात आणि मग पेडल उलटे काम करू लागते किंवा मध्य सरकतो.

आता कंप नसलेला एखादा साधा टोन निवडा. साधा ऑर्गन उत्तम. स्ट्रिंग्ज किंवा कोरसचा परिणाम असलेला टोन घेतला तर ट्यूनरचा काटा मुळातच डोलतो आणि काही कळत नाही. ट्रान्सपोज (सगळ्या पट्ट्यांचा सूर एकदम वर-खाली सरकवण्याची सोय) शून्यावर आणा, मधल्या सप्तकातली पांढरी सहा दाबून धरा आणि ट्यूनर पाहा. मास्टर ट्यून, म्हणजे सगळ्या कीबोर्डची मूळ सुरांची जुळणी, ४४० वर असेल तर काटा शून्याजवळ यायला हवा. मग बेंड पूर्ण वर नेऊन सोडा, पुन्हा काटा पाहा. पूर्ण खाली नेऊन सोडा, पुन्हा पाहा. तिन्ही वेळा काटा एकाच जागी यायला हवा. वरून सोडल्यावर एक आकडा आणि खालून सोडल्यावर दुसरा येत असेल, तर मध्य पक्का नाही. काही मॉडेलांमध्ये दांडीच्या कॅलिब्रेशनची सोय असते. ती पुस्तिकेत शोधा आणि आधी वापरून पाहा.

जुना कीबोर्ड घेत असाल तर ही तपासणी पैसे देण्यापूर्वीच, विकणाऱ्याच्या समोर करावी. पट्ट्या सगळे जण वाजवून पाहतात. बेंड सोडल्यावर स्वर जागेवर येतो का हे फारसे कोणी पाहत नाही.

येथे एक सापळा आहे. मध्य सरकलेला असताना स्वर थोडा उतरलेला वाटतो, म्हणून वादक मास्टर ट्यून वाढवून तो जुळवून घेतात. त्यानंतर बेंडला हात लागला की सगळेच बिघडते. सुरांची जुळणी आणि बेंडचा मध्य या दोन वेगळ्या बाबी आहेत. आधी मध्य, मग जुळणी.

३. बेंड रेंज ठरवा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या.

टोन एडिट करण्याच्या मेन्यूत ‘बेंड रेंज’ किंवा ‘पिच बेंड रेंज’ या नावाची जागा सापडेल. तिथला आकडा सेमीटोनमध्ये, म्हणजे लगतच्या पट्ट्यांच्या हिशोबात असतो. जनरल मिडी या ठरलेल्या पद्धतीत तो २ असतो आणि बहुतेक टोनही तसेच येतात. २ म्हणजे दांडी टोकाला नेल्यावर सा वरून शुद्ध रे. १ म्हणजे सा वरून कोमल रे. १२ म्हणजे थेट वरचा सा.

मोठा आकडा ठेवला की जास्त करामती करता येतील, असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात रेंज जितकी मोठी, तितकी हाताची चूक मोठी ऐकू येते. शिवाय काही चाके आतून केवळ १२८ टप्पे मोजतात. रेंज २ असेल तर वर-खाली मिळून ४०० सेंटचे अंतर १२८ टप्प्यांत विभागले जाते, म्हणजे एक टप्पा सुमारे ३ सेंटचा, आणि तो कानाला जाणवत नाही. रेंज १२ केली तर तोच टप्पा जवळपास १९ सेंटचा होतो आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे, सलग न वाटता पायऱ्या उतरल्यासारखी ऐकू येते.

माझ्या मते सुरुवात अशी करावी.

बासरी, शहनाई, सारंगी आणि व्हायोलिन यांसाठी २. भैरव, तोडी अशा कोमल ऋषभाच्या रागांवर बांधलेली गाणी वाजवायची असतील, तर त्याच टोनची दुसरी प्रत करून तिला १ ठेवा. असे केल्याने दांडीचे टोक म्हणजेच कोमल रे होते आणि ‘अर्ध्यावर थांबायचे’ हा सगळ्यात अवघड प्रकार टळतो.

सतारीसाठी ४ किंवा ५, पण फक्त वरच्या दिशेने. सतारीत तार पडद्यावर ओढली जाते आणि तार ओढल्याने स्वर चढतोच, पडद्याच्या मूळ स्वराखाली तो जात नाही. त्यामुळे सतारीच्या टोनवर दांडी खाली खेचली की ऐकणाऱ्याला ते लगेच खोटे वाटते. वरची आणि खालची रेंज वेगळी ठेवता येत असेल, तर खालची ० करून टाका.

इलेक्ट्रिक गिटारसाठी वर २. खाली मात्र हवे असल्यास १२ ठेवतात, गिटारचा व्हॅमी बार नावाचा दांडा दाबून स्वर खोल पाडल्याचा परिणाम मिळावा म्हणून.

पियानो आणि हार्मोनियमसाठी ०. या वाद्यांत मींड नाही. चुकून दांडीला मनगट लागले तरी काही होणार नाही, हा आणखी एक लाभ.

रेंज ठरली की हात बसवायचा. त्यासाठी एक युक्ती सांगतो, ती पुस्तिकेत बहुधा मिळणार नाही. बहुतेक नवोदित वादक सा वाजवतात, मग दांडी वर नेत रे गाठण्याचा प्रयत्न करतात आणि तिथे दांडी धरून ठेवतात. अंगठा जरा हलला की रे डळमळतो. त्याऐवजी उलट करा : दांडी आधी पूर्ण खाली घ्या, मग रे ची पट्टी दाबा आणि दांडी सावकाश मध्यावर येऊ द्या. स्वर सा पासून निघतो आणि रे वर येऊन थांबतो, तोही अगदी नेमका, कारण तो आता पट्टीचा स्वतःचा स्वर असतो. वरून खाली यायचे असेल तर दांडी वर ठेवून खालच्या स्वराची पट्टी दाबा आणि सोडा. मींड जिथून सुरू होते तिथे कान थोडी ढिलाई खपवून घेतो. जिथे संपते तिथे अजिबात नाही. म्हणून मुक्कामाचा स्वर नेहमी मध्यावर यावा. सतारीच्या उतरत्या मींडेतही हेच घडते, ओढलेली तार सैल होत पडद्याच्या स्वरावर येते.

दांडी एकदम सोडू नका. स्प्रिंग तिला झटक्याने आणते आणि मींडेऐवजी उचकी ऐकू येते. अंगठा शेवटपर्यंत दांडीवर असावा.

सराव तानपुरा लावूनच करावा, आणि काही दिवस फक्त सा-रे व प-ध एवढ्याच दोन मींडा घ्याव्यात. ट्रान्सपोज करून काळी दोनमध्ये वाजवले तरी बेंडचे अंतर बदलत नाही, त्यामुळे एका स्केलमध्ये बसलेला हात सगळीकडे उपयोगी पडतो.

४. बेंड कोणाकोणाला लागू होतो ते पाहा

नेहमीचा पिच बेंड एका पट्टीला लागू होत नाही. त्या चॅनेलवर, म्हणजे त्या टोनच्या वाटेवर, वाजणाऱ्या सगळ्या स्वरांना एकदम लागू होतो. डाव्या हाताने कॉर्ड धरून उजव्या हाताने बासरी वाजवत असाल आणि दोन्ही एकाच भागात असतील, तर बासरीबरोबर कॉर्डही वाकते. हे टाळण्यासाठी स्प्लिट करून डावा भाग वेगळा ठेवा आणि त्या भागाचा बेंड बंद करा किंवा त्याची रेंज ० करा. दोन टोन एकावर एक लावले असतील, तर दोघांची रेंज सारखी आहे ना हे आवर्जून पाहा. एकाला २ आणि दुसऱ्याला ५ असेल, तर दांडी हलताच दोन वादक दोन रागांत गेल्यासारखे ऐकू येते.

५. मॉड्युलेशनची जुळणी

मॉड्युलेशन हे स्वतः काही आवाज करत नाही. आत एक संथ लहर सतत चालू असते, तिला एलएफओ म्हणतात. ती लहर टोनवर किती पडू द्यायची, हे मॉड्युलेशनचे चाक ठरवते. लहर पिचवर टाकली तर स्वर कंप पावतो, म्हणजे व्हायब्रेटो. आवाजाच्या पातळीवर टाकली तर ट्रेमोलो. फिल्टरवर टाकली तर वाव-वाव असा परिणाम. ऑर्गनच्या अनेक टोनमध्ये हेच चाक फिरत्या स्पीकरचा वेग मंद-जलद करते, तेव्हा तिथे कंप शोधत बसू नका.

मेन्यूत चार गोष्टी पाहाव्या लागतात.

वेग : गायकाच्या नैसर्गिक कंपाचा वेग साधारणपणे सेकंदाला ५ ते ७ आवर्तने असतो. व्हायोलिन आणि बासरीसाठी ५ ते ६ च्या आसपास ठेवून कानाने ठरवा. मेन्यूतला आकडा नेहमीच हर्ट्झमध्ये नसतो, ० ते १२७ असाही असतो. अशा वेळी घड्याळाच्या सेकंदकाट्याबरोबर लहरी मोजा.

खोली : चाक पूर्ण वर असताना कंप किती मोठा व्हावा, हे यातून ठरते. ट्यूनरचा काटा दोन्ही बाजूंना २० ते ३० सेंटच्या पुढे जाऊ लागला की भजनाच्या साथीला तो कंप अंगावर येतो. चाक पूर्ण वर गेले तरी आवाज बिघडणार नाही, एवढीच खोली ठेवावी. मंचावर चाक अर्ध्यावर रोखून धरण्याइतके भान राहत नाही.

लहरीचा आकार : साइन किंवा ट्रँगल. चौकोनी आकार निवडला तर स्वर दोन जागांमध्ये उड्या मारतो. सायरनसाठी ठीक, अभंगासाठी नाही.

विलंब : स्वर लागल्यावर किती वेळाने कंप सुरू व्हावा, ते. कंप चाकानेच द्यायचा असेल तर हा शून्यावर ठेवा, म्हणजे हात हलताच परिणाम मिळेल.

येथील नेहमीचा सापळा दुहेरी कंपाचा आहे. अनेक टोनमध्ये थोडा कंप आधीच घातलेला असतो. त्यावर चाकाचा कंप पडला की स्वर थरथरू लागतो. टोनचा स्वतःचा व्हायब्रेटो शून्य करा आणि सगळा कंप चाकाकडे सोपवा. शहनाई, सारंगी यांच्या काही टोनमध्ये मात्र कंप मूळ ध्वनिमुद्रणातच असतो. तो कोणत्याही मेन्यूतून जात नाही. अशा टोनला मॉड्युलेशन लावूच नये.

दरबारी रागातल्या गांधाराचे आंदोलन किंवा गमक मॉड्युलेशनवर काढायचा मोह होतो. तो आवरा. एलएफओची लहर घड्याळासारखी एकसारखी फिरते, आणि आंदोलनात प्रत्येक हेलकावा वेगळा असतो. ते काम बेंडच्या दांडीवर हातानेच करावे, तेही सावकाश.

६. संगणकाला जोडत असाल तर

घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांनीच ही पायरी वाचावी. वाद्ये आणि संगणक यांना एकमेकांशी जोडणारी मिडी ही पद्धत १९८३ पासून वापरात आहे आणि तिचे नियम सगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना सारखेच लागू आहेत. बेंडचा संदेश ० ते १६३८३ या आकड्यांत जातो, मध्य ८१९२. मॉड्युलेशन कंट्रोल क्रमांक १ वर, ० ते १२७ या आकड्यांत. या संदेशात ‘किती सेमीटोन’ हे कुठेही लिहिलेले नसते. म्हणून कीबोर्डवर रेंज ५ आणि संगणकातल्या सतारीच्या प्लगइनमध्ये (वाद्याचा आवाज देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) २ असेल, तर वाजवताना कीबोर्डमधून एक मींड ऐकू येते आणि रेकॉर्डिंगमध्ये दुसरी. दोन्हीकडची रेंज सारखी करा, किंवा कीबोर्डचा स्वतःचा आवाज लोकल ऑफ करून बंद ठेवा आणि फक्त प्लगइन ऐका.

रेंज मिडीनेच पाठवायची असेल, तर गाण्याच्या सुरुवातीला त्या चॅनेलवर या क्रमाने संदेश घाला : कंट्रोल १०१ ला ०, कंट्रोल १०० ला ०, कंट्रोल ६ ला हवे तितके सेमीटोन, कंट्रोल ३८ ला ०. शेवटी १०१ आणि १०० या दोघांना १२७ द्या, म्हणजे पुढचा एखादा संदेश चुकून रेंज बदलणार नाही.

रेकॉर्डिंगचा तुकडा मींडेच्या मधोमध कापला, तर दांडी मध्यावर आल्याचा संदेश त्यातून गळतो आणि पुढचे सगळे स्वर बेसूर राहतात. कापल्या जागी बेंड ८१९२ आणि मॉड्युलेशन ० लिहून द्या. काही सॉफ्टवेअरमध्ये हाच मध्य ० असा दाखवतात. कंट्रोल १२१ पाठवल्यानेही दोन्ही मूळ जागी येतात. रेंज मात्र त्याने बदलत नाही.

७. जतन करा

बदललेला टोन राइट किंवा स्टोअर केल्याशिवाय टिकत नाही. दुसरा टोन निवडताच सगळे पुसले जाते. कंपनीच्या मूळ टोनवर सहसा लिहिता येत नाही, त्यामुळे यूझर मेमरीत नव्या नावाने ठेवा. नावात रेंजही लिहा, उदाहरणार्थ ‘बासरी २’ आणि ‘बासरी १’. कीबोर्डच्या पडद्यावर देवनागरी येत नसेल तर रोमन अक्षरांत. नंतर सगळ्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. आपोआप साथ देणारा ॲरेंजर कीबोर्ड असेल तर रजिस्ट्रेशन मेमरीत (जिथे सगळी जुळणी एका बटणावर साठवतात) बेंडची रेंजही साठवली जाते का, हे एकदा बंद-चालू करून खात्री करून घ्या.

८. मंचावर

शालिमारजवळच्या महाकवी कालिदास कलामंदिरात वाजवा किंवा गोदाघाटावरच्या उघड्या मांडवात, साउंड चेकमध्ये एक मिनिट या दोन चाकांसाठी मागून घ्या. स्प्रिंग नसलेले मॉड्युलेशनचे चाक आधीच्या गाण्यात वर राहिले, तर पुढच्या गाण्याचा पहिलाच स्वर थरथरत निघतो. गाणे संपले की डावा अंगठा त्या चाकावरून खाली फिरवण्याची सवय लावून घ्या.

डावा हात दांडीवर गेला की कॉर्ड सुटते, हे तालमीतच लक्षात घ्यायला हवे. ज्या ओळीत मींड आहे, त्या ओळीत कॉर्ड पेडलने धरून ठेवायची, ऑटो अकम्पनिमेंटवर सोडायची की दुसऱ्या वादकाला द्यायची, हे आधी ठरवा आणि गाण्याच्या कागदावर त्या शब्दाखाली खूण करा.

गणेशोत्सवात पाऊस असतोच, तेव्हा मांडवात कीबोर्डवर प्लास्टिकचे आच्छादन तयार ठेवा. उन्हाळ्यात धूळ चाकांच्या फटीतून आत जाते आणि आत चाकाची स्थिती मोजणाऱ्या पोटेन्शिओमीटरवर बसते. मग दांडी न हलवताही स्वर मधूनच किंचित सरकतो. अशा वेळी फटीत तेल सोडू नका, अगरबत्तीची राख किंवा फुलांचा चुरा पडेल अशा जागी वाद्य ठेवू नका, आणि मऊ ब्रशने वरवरची धूळ काढा. त्यानेही भागले नाही, तर दुरुस्ती करणाऱ्याकडे जाताना दुसऱ्या पायरीतले ट्यूनरचे तिन्ही आकडे लिहून न्या. नुसते ‘स्वर हलतो’ असे सांगितले तर तो पट्ट्या तपासत बसेल. आकडे दिले तर थेट दांडीचा भाग उघडेल. तोवर कार्यक्रम आलाच, तर सगळ्या टोनची बेंड रेंज ० करून वाजवा. मींड मिळणार नाही, पण रेंज शून्य असल्याने दांडीचा दोष सुरापर्यंत पोहोचणार नाही.